निळे फ्रेंच पावसाळ्यात पांढरे पडतात तेव्हा

१७ जूनची रात्र होती. दुसऱ्या दिवशी वॉटर्लूची तारीख, म्हणजे छोटे रंगवलेले शिपाई टेबलावर मांडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळणाऱ्या आमच्या चौघांचा वर्षाचा मोठा डाव, आणि माझी ब्रन्सविकची (एका छोट्या जर्मन राज्याची) पलटण अजून बिनवॉर्निशची. २८ मिमी उंचीचे चोवीस शिपाई, टोपीपासून बुटापर्यंत काळे. बाहेर रिपरिप चालू होती. १८१५ साली त्याच रात्री बेल्जियममध्येही धो धो पाऊस होता, त्यामुळे मला ते शुभच वाटलं. बाल्कनीत बुटांच्या खोक्यात पलटण उभी केली, मॅट (बिनचमकीच्या) वॉर्निशचा डबा हलवला आणि फवारा मारला. वीस मिनिटांनी पाहतो तर सगळे जण पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे. ब्रन्सविकच्या लाइब (खास रक्षक) पलटणीच्या टोपीवर कवटीचा बिल्ला असतो. पांढरी फक्त ती कवटी असायला हवी होती, इथे माणूसच पांढरा झाला होता.

आई तेवढ्यात पाणी प्यायला उठली होती. खोक्यात डोकावून म्हणाली, "पावसाळ्यात पापड वाळत घालतं का कुणी?"

या छंदात जे काही शिकलो त्यातला निम्मा भाग त्या एका वाक्यात आहे. उरलेला निम्मा मात्र पुढच्या सहा-सात पावसाळ्यांनी शिकवला, तो असा की शिपायावरचा प्रत्येक पांढरेपणा वॉर्निशचा नसतो. दर जुलै-ऑगस्टला कुणी ना कुणी फोटो पाठवून विचारतं, "माझे फ्रेंच पांढरे पडलेत, काय करू?" आणि दहातले नऊ जण न बघताच सांगतात, "वरून ग्लॉस मार," म्हणजे चमकदार वॉर्निश. मीही सांगायचो. एकदा स्वतःच्याच जुन्या घोडदळावर तसा ग्लॉस मारला आणि दोन वर्षांनी तीन घोडे पायातून मोडून आडवे झाले, कारण ते वॉर्निश नव्हतंच. त्यामुळे आधी रोग ओळखायचा, मग बाटली उघडायची. एकाचं औषध दुसऱ्याला विष आहे.

आधी दोन मिनिटं नुसतं बघा

शिपाई हातात घ्या, बेसला (पायाखालच्या बैठकीला) धरून, आणि टेबललॅम्पचा उजेड तिरका पाडा. पांढरं नेमकं कुठे आहे? सगळ्या अंगावर सारखं, की फक्त कोटाच्या चुण्यांमध्ये? फक्त बेसवर? संगिनीच्या टोकावर? घोड्याच्या पायावर, बेसच्या खालच्या उघड्या धातूवर? या उत्तरातच अर्धं निदान होतं.

मग ओला ब्रश. स्वच्छ पाण्यात बुडवून पाठीवरच्या पांढऱ्या भागावर एक थेंब ठेवा. पांढरं जागच्या जागी नाहीसं झालं, खालचा निळा गडद आणि झकास दिसायला लागला, आणि पाणी सुकल्यावर पांढरं परत आलं, तर ते वॉर्निशचं धुकं. जीव भांड्यात पडू द्या, हा सगळ्यात बरा होणारा आजार आहे. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि पांढऱ्याची कड चिरल्यासारखी स्पष्ट असेल, तर रंग उडून खालचं प्लास्टिक किंवा प्राइमर (रंगाआधीचा पहिला हात) दिसतोय. ब्रशला कापसासारखे तंतू लागले, तर बुरशी. आणि जुना, वजनदार, धातूचा शिपाई असेल आणि पांढरी-करडी भुकटी रंगाला खालून फोडून वर आलेली असेल, तर ब्रश खाली ठेवा, बोटाने चोळू नका, आणि सरळ शिशाच्या भागावर जा.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. ज्याचं सैन्य ऑस्ट्रियन आहे त्याला यातलं काहीच कळत नाही. पांढऱ्या कोटावर पांढरं धुकं कोण बघतो? आमच्यातला ऑस्ट्रियावाला कितीतरी वर्षं म्हणायचा की त्याच्या वॉर्निशला काही होत नाही. मग त्याने ग्रेन्झर (ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरची) पलटण रंगवली, तपकिरी कोटांची, आणि त्याचाही फोटो आला. सगळ्यात वाईट अवस्था ब्रन्सविकच्या काळ्यांची, मग गडद हिरव्या रायफलवाल्यांची, मग प्रशियन आणि फ्रेंच निळ्यांची. ब्रिटिश लाल त्यातल्या त्यात झाकून नेतो, गुलाबीसर होतो एवढंच.

वॉर्निशचं धुकं

होतं काय, तर स्प्रेमधलं द्रावक झपाट्याने उडून जातं आणि जाताना पृष्ठभाग गार करून जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण. पावसाळ्यात हवेत बाष्प आधीच ठासून भरलेलं असतं. ते या गार झालेल्या थरावर दवासारखं बसतं आणि थर सुकताना आत अडकतं. पाणी पुढे निघून जातं, पण त्याने केलेल्या सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि उजेड विखुरतात, म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. थेंबाने ते नाहीसं का होतं तेही यात आलं: पाण्याने पोकळ्या भरल्या. कोरडी वाळू फिकी आणि ओली वाळू गडद दिसते, तसंच.

म्हणजे खालचा रंग शाबूत आहे. पोकळ्या पाण्याऐवजी कायमच्या कशाने तरी भरायच्या, एवढंच काम. मी करतो ते असं:

पहिले दोन दिवस काहीच करायचं नाही. शिपाई हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचे. हलकं धुकं असेल तर थोडं आपोआप उतरतं. मग एकच शिपाई निवडायचा, मागच्या रांगेतला. त्याच्यावर पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक ग्लॉस वॉर्निश ब्रशने, पातळ हाताने. स्प्रे नाही, ब्रश. लावता लावताच निळा परत येताना दिसतो आणि तो क्षण या छंदातल्या मोठ्या सुखांपैकी आहे. रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी पाठीवर, पट्ट्यांखाली कुठे फिकं राहिलं असेल तर तेवढ्यावर दुसरा हात. पूर्ण वाळल्यावर, म्हणजे पावसाळ्यात किमान एक अख्खा दिवस जाऊ दिल्यावर, ब्रशनेच मॅट. चमक चालत असेल तर मॅट लावूच नका. जुन्या पिढीतले पुष्कळ जण सैन्य मुद्दाम चकचकीत ठेवायचे आणि डावात हाताळायला तो थर जास्त टणक असतो.

दुसरा उपाय म्हणजे तेच वॉर्निश कोरड्या दिवशी पुन्हा हलकं फवारणं. ताजं द्रावक जुना थर जरा सैल करतं आणि पोकळ्या बुजतात. उपाय खरा आहे, पण "कोरड्या दिवशी" हे शब्द विसरून लोक त्याच रात्री दुसरा हात मारतात आणि धुकं दुप्पट करतात. माझ्या खोलीतला स्वस्तातला आर्द्रतामापक जूनमध्ये पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली क्वचित येतो. साठच्या वर काटा असेल तर मी स्प्रेचा डबा हातात घेत नाही. मुंबई-ठाण्यात म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दुपारी, आणि फार तर एप्रिल-मेची एखादी खडखडीत दुपार. मान्सून मुंबईत पोचायची नेहमीची तारीख ११ जून, डाव १८ जूनला. हिशोब तुम्हीच करा.

ऑलिव्ह तेलाचं बोट फिरवायचा सल्लाही मिळतो. तत्त्व बरोबर आहे, पोकळ्या तेलाने भरतात. पण नंतर त्यावर दुसरं काही नीट धरत नाही आणि धूळ मात्र छान धरते. आमच्याकडे एकाने घरात होतं म्हणून खोबरेल लावलं. पुण्यात राहतो बिचारा. डिसेंबरात तेल गोठलं आणि शिपाई पुन्हा पांढरे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा मोह झाला तर आवरा: ते ॲक्रिलिक रंगच उतरवतं, रंग काढायला आपण तेच वापरतो.

आता एसीची गोष्ट. पहिल्या फटक्यानंतर मी हुशारी केली. एसीने खोलीतली हवा कोरडी होते, तर शिपाई आणि डबा तासभर एसीत ठेवू, मग बाल्कनीत नेऊन पटकन फवारू. आत फवारणं शक्यच नाही, वास आणि पेट घेणारी वाफ दोन्ही कोंडतात. पण धातूचा शिपाई एसीतून बाहेर दमट हवेत आला की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा घामेजतो. मी त्या घामावर वॉर्निश मारलं. ब्रन्सविकच्या रात्रीपेक्षा वाईट निकाल. शिपाई आणि हवा यांचं तापमान एक असू द्या, जमलं तर शिपाई किंचित कोमटच.

धुक्याचे दोन चुलतभाऊ आहेत. मॅट वॉर्निशमध्ये चमक मारायला बारीक भुकटी घातलेली असते आणि ती तळाला बसते. डबा किंवा बाटली नीट हलवली नाही तर आधी चमकदार आणि शेवटी दुधाळ वॉर्निश निघतं. हे दूध चुण्यांमध्ये, बगलेत, पाठीवरच्या पिशवीखाली साचतं. ओल्या ब्रशने ते पूर्ण जात नाही. तिथे ग्लॉसने थोडी सुधारणा होते, नाही तर तेवढी सावली पुन्हा रंगवायची. दुसरा भाऊ उन्हाळ्यातला: फार लांबून फवारलं की वॉर्निश हवेतच सुकून धुळीसारखं अंगावर बसतं. बोटाला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. मऊ टूथब्रशने हलकं झाडा, मग ग्लॉस.

पांढरं फक्त बेसवर असेल तर

इथे दोन उमेदवार. मी सुरुवातीला बेसवर गवत म्हणून चहाचा वाळवलेला चोथा आणि रंगवलेला लाकडाचा भुसा लावायचो, सुताराच्या पांढऱ्या गोंदाने. दिसायला उत्तम, फुकट, आणि बुरशीला पंचपक्वान्न. जुलैत कपाट उघडलं तर बोरोदिनोच्या (नेपोलियनच्या १८१२ च्या रशियातल्या लढाईच्या) मैदानावर सप्टेंबरातच बर्फ पडलेलं. नायलॉनच्या तयार गवताला बुरशी स्वतःहून लागत नाही, पण खालचा गोंद अर्धवट वाळला असेल तर त्यावर येते. उपाय: तोंडाला मास्क, गॅलरीत नेऊन जुन्या ब्रशने झाडणं, मग बेसवर (फक्त बेसवर, शिपायाच्या बुटाला लागू न देता) अल्कोहोलचा ब्रश, पंख्याखाली दोन दिवस, आणि शेवटी पातळ वॉर्निशने बेस बंद करणं. चोथा वापरायचाच असेल तर आधी तव्यावर अगदी कोरडा करून घ्या.

दुसरा उमेदवार मीठ. अलिबागहून बाटली भरून आणलेली वाळू मी न धुता वापरली होती. मीठ हवेतलं पाणी ओढतं, कोरडं पडलं की पांढरे कण होऊन वर येतं, पुन्हा पावसात विरघळतं. म्हणून थेंबाच्या परीक्षेत हे धुक्यासारखंच वागतं आणि माणूस फसतो. शिपायाचं अंग स्वच्छ आणि वाळूच तेवढी पांढरी, तर चव घ्यायची गरज नाही, मीठच आहे. वरून काही लावून टिकत नाही. बेस खरवडून नवी वाळू लावावी लागते, चार पाण्यांत धुतलेली. नदीची वाळू बरी.

जाता जाता: पातळ पुठ्ठ्याचे बेस पावसाळ्यात नावेसारखे वाकतात. ती वेगळी तक्रार आहे, पण त्याच हवेची. मी आता दोन मिमीच्या प्लास्टिकवर गेलो.

पांढरं फक्त टोकांवर असेल तर

संगिनी, बंदुकीची नळी, टोपीचा तुरा. १/७२ मापाच्या (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाच्या) मऊ प्लास्टिकच्या शिपायांचं हे जुनं दुखणं. ते पॉलिथिलिन असतं, रंग त्याला धड चिकटत नाही, आणि संगीन वाकली की रंगाचा थर वाकत नाही, तडकतो. यात पावसाचा दोष नाही. रंगवण्याआधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुणं, साच्याचा तेलकटपणा घालवणं, लवचिक प्राइमर आणि शेवटी ग्लॉसचे दोन पातळ हात, एवढ्याने पुष्कळ टिकतं. टणक पॉलिस्टायरिनच्या २८ मिमी संचांना हा त्रास जवळजवळ नाही, त्यांच्या संगिनी सरळ तुटतात. आणि पाहुण्यांना आधीच सांगा, "बेसला धरा." मी सांगतो. तरी लोक संगिनीलाच धरतात.

शिसं

आता ते घोडदळ. १९७० च्या दशकातले इंग्लंडात ओतलेले शिपाई, एका गृहस्थांनी छंद सोडताना दिलेले. त्या काळच्या मिश्रधातूत शिसं भरपूर असे. आज जो 'व्हाइट मेटल' मिळतो त्यात बहुतेकदा कथलाचं प्रमाण मोठं असतं आणि शिसं नसतं, म्हणून नव्या धातूच्या शिपायांना हा धोका सहसा कमी. मी ते घोडेस्वार मोठ्या कौतुकाने नव्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांच्या) बंद कपाटात ठेवले. घोड्यांच्या पायांवर आणि बेसच्या पोटावर पांढरी पूड आली. मला वाटलं धुकं. वरून ग्लॉस.

लाकूड, प्लायवुड, एमडीएफ, काही पुठ्ठे आणि गोंद यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं हळूहळू निघत राहते. बंद कपाटात ती साठते. दमट हवा, ती वाफ आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं कार्बोनेट करतात. म्हणजे सफेदा. चित्रकारांचा जुना सफेदा लोक मुद्दाम असाच बनवत, शिशाच्या पत्र्यांखाली व्हिनेगर ठेवून. मी तोच कारखाना दिवाणखान्यात उघडला होता, फक्त कच्चा माल म्हणून नेपोलियनचे क्युरासियर (चिलखती घोडेस्वार) घातले होते. ग्लॉसने पूड झाकली गेली, आत काम चालू राहिलं, आणि घोड्याचे पाय आतून भुसभुशीत झाले.

शंका असेल तर शिपाई उलटा करा. बेसच्या खाली आपण सहसा रंग लावत नाही, आणि रोग तिथूनच सुरू होतो. वजनाला जड, बिनरंगाच्या जागी मऊ, नखाने ओरखडा उठतो, कागदावर घासलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ: शिसं.

ही पूड विषारी आहे. कोरडी झाडायची नाही, फुंकायची नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणायची नाही, लहान मुलं झोपल्यावरही नाही. हातमोजे, मास्क, आणि सगळं काम पाण्याखाली, वेगळ्या भांड्यात, जे भांडं परत कधी घरात वापरायचं नाही. पुडीखालचा धातू चमकेपर्यंत ब्रशने साफ करा, त्यात रंगही जाईल, जाऊ द्या. व्हिनेगरने साफ करायचा सल्ला कुणी दिला तर तो याच रोगाचं बी पेरतोय. नीट सुकवा, मग प्राइमर सगळीकडे, बेसच्या पोटासकट. आणि जागा बदला: काच-लोखंडाचं कपाट किंवा पॉलिप्रॉपिलिनचे डबे. जुनं लाकडी कपाट सोडवत नसेल तर निदान दारं अधूनमधून उघडी ठेवा. आजारी शिपाई शेजाऱ्याला रोग देतो असं म्हणतात. तसं काही नसतं, शेजारी त्याच हवेत उभा असतो म्हणून आजारी पडतो. पाय आतून गेलेला घोडा वाचत नाही. पितळी तार घालून एक उभा केला, बाकीचे दोन मैदानावर 'पडलेले घोडे' म्हणून कामाला लावले.

सध्याचं वेळापत्रक

आमचे दोन्ही ठरलेले डाव नेमके ओल्या दिवसांत येतात. १८ जूनचा वॉटर्लू, आणि २३ सप्टेंबरला असई, १८०३ ची, भोकरदनजवळची, वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन जिथे नुसता वेलस्ली होता आणि कैलना नदीचा उतार शोधत होता. तारखा बदलायला कुणी तयार नाही. म्हणून रंगकाम वर्षभर, पण स्प्रेचं वॉर्निश फक्त हिवाळ्यात, एकदम शंभर-दीडशे शिपाई. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत डबे माळ्यावर, सगळं ब्रशने. तेही दुपारी, मॅटची बाटली दोन मिनिटं हलवून, आणि आधी एका बळीच्या शिपायावर. माझा बळीचा शिपाई पोर्तुगीज कासादोर (हलक्या पायदळातला) आहे. त्याच्यावर इतके थर चढलेत की आता त्याला नाक नाही.

ब्रन्सविकचे चोवीस ग्लॉसने परत काळे झाले. पण एसीवाल्या प्रयोगातले सहा फ्रेंच काही केल्या निळे होईनात. सुदैवाने ते १८१२ च्या आधीचे, लांब शेपट्यांच्या कोटाचे होते. १८०६ मध्ये ब्रिटिश आरमारामुळे नीळ मिळेना म्हणून नेपोलियनने पायदळाला पांढरे कोट द्यायचा हुकूम काढला होता, काही रेजिमेंटना ते मिळालेही, आणि पुढच्याच वर्षी बेत गुंडाळला. मी त्या सहांच्या गळपट्ट्या आणि छातीच्या पट्ट्या तेवढ्या रंगवल्या. आमचा ऑस्ट्रियावाला अजून त्यांना आपलेच समजून हलवतो.